चार्जिंगवाले सर

"गाडीत पेट्रोल नाही" या एका वाक्यावर आमच्याकडच्या संसारी पुरुषांच्या दोन पिढ्या सुखाने जगल्या. दळण आणायचं आहे? पेट्रोल नाही. मावशीकडे डबा पोहोचवायचा आहे? कालच टाकलं होतं, पण काट्याचा भरवसा नाही. या वाक्याची खुबी अशी की ते खोटं पाडायचं तर कुणीतरी उठून टाकीचं झाकण उघडायला हवं, आणि भर उन्हात एवढे कष्ट कोण घेतो? विजेच्या गाडीने पहिला घाव घातला तो नेमका इथे. तिच्या हँडलवर मधोमध हिरव्या आकड्यांत टक्के लिहिलेले असतात. ते मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत; हिला ओट्याजवळून दिसतात.

"ब्याण्णव आहे ना. जाऊन या."

मी सेलूचा. कोणत्या सेलूचा, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे यावरून एक प्रकरण व्हायचं आहे. परभणी जिल्ह्यात एक सेलू आहे. वर्ध्याजवळ सेलू काटे आहे. वाशिमकडे शेलूबाजार आहे. आमचं सेलू वर्धा-नागपूर रस्त्यावरचं, बोर नदीच्या काठचं. तालुक्याचं गाव, कापसाचा नावाजलेला बाजार, आणि म्हाताऱ्या मंडळींनी विषय काढलाच तर केळीच्या बागा. त्या बागा किती होत्या हे सांगताना प्रत्येक आजोबा मागच्या आजोबांपेक्षा दोन एकर वाढवतात. रेल्वे स्टेशनही आहे, पण त्याचं नाव 'सेलू रोड'. ज्या स्टेशनाच्या नावात रोड असतो तिथे उतरल्यावर पुढे रोडच धरावा लागतो, हे रेल्वेने इमानदारीने पाटीवर लिहून ठेवलेलं आहे.

अशा गावात चक्की, बँक, तहसील, कंट्रोलचं दुकान सगळं हाकेच्या अंतरावर असतं आणि म्हणूनच तिथे पायी कुणी जात नाही. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा मी ही गाडी घेतली. सेलूत तिला ई-बाईक, ईव्ही वगैरे कुणी म्हणत नाही. तिचं नाव 'चार्जिंगची गाडी'. त्यामुळे पस्तीसेक वर्षं इतिहास-भूगोल शिकवून कमावलेलं 'सर' हे नाव महिनाभरात बदललं. आता मी 'चार्जिंगवाले सर' आहे. माझेच विद्यार्थी त्यांच्या पोरांना माझी ओळख अशी करून देतात.

गाडी साधी आहे. कायद्याने अशा गाडीला एक मोठी सवलत दिली आहे: मोटर २५० वॅटची, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असलं, की ती मोटार वाहनांत मोडतच नाही. लायसन नको, नोंदणी नको, नंबरप्लेट नको. २५० वॅट म्हणजे किती, हे मला घरातच कळलं. आमच्या मिक्सरवर ७५० लिहिलं आहे. म्हणजे जवसाची चटणी वाटायला जेवढा जोर लागतो, त्याच्या एक तृतीयांशात सरकार मला बाजारात पाठवतं. हिला हा हिशेब फार आवडला. येईल त्या पाहुण्याला ती तो चहाआधी सांगते.

एकदा फाट्यावर हवालदाराने हात दाखवला. वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथे पोलिसांची नजर माणसाच्या डोक्यावर हेल्मेट आहे का यापेक्षा पायाजवळच्या थैलीवर आधी जाते. पण त्याने क्रम पाळला.

"लायसन?"

"लागत नाही."

"नंबरप्लेट?"

"लागत नाही."

"पीयूसी?"

"धूरच नाही."

त्याने मान वाकडी करून गाडीकडे मागून पाहिलं, सायलेन्सर शोधला, सापडला नाही. "मंग तुमी थांबले कायले जी?"

"तुम्ही हात दाखवला म्हणून."

आता मोकळ्या हाताने सोडणं त्याला बरं वाटेना. त्याने पिठाच्या डब्याकडे बोट केलं, झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो पांढरा होऊन. "ज्वारीचं आहे," तो जरा निराश होऊन म्हणाला. मी म्हटलं, थोडे गहू मिसळलेत. "तरीच," म्हणाला, आणि मला जाऊ दिलं.

माणसं मला विचारतात, या गाडीचा फायदा काय. पेट्रोल वाचतं, हे खरंच आहे. रात्री बॅटरी लावली की सकाळपर्यंत दीड-पावणेदोन युनिट वीज खाते आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ६० किलोमीटर जाते. कंपनीचा किलोमीटर निराळा असतो. तो सपाट रस्त्यावर, एकट्या सडपातळ माणसाला घेऊन, वारा नसताना मोजलेला असतो. तो माणूस दळण नेत नाही. पण खरी गंमत पैशाची नाहीच. गंमत अशी की जायला काही लागत नाही म्हटल्यावर माणूस कुठेही, कशासाठीही निघू शकतो. दोन रुपयांच्या सांबारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, बाजारात जाणं हा पूर्वी मूर्खपणा होता, आता तो फेरफटका आहे. आणि एकदा निघाल्यावर सांबार हाच काही हेतू राहत नाही.

ही गोष्ट माझ्या लक्षात यायच्या आत आमच्या गल्लीच्या लक्षात आली.

सुरुवात समोरच्या काकूंनी केली. "सर, बाजारात चालले का जी? मंग येता येता मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या घेऊन येजा. तुमाले काय, पेट्रोल थोडीच लागते." दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणीचं वीजबिल आलं. मग कुणाचं आधारचं झेरॉक्स, कुणाचा सेतूतला दाखला, कुणाची तुटलेली चप्पल. चप्पल फक्त उजवीच असते आणि ती हँडलच्या हुकाला लटकवून गावातून जावं लागतं, हा अनुभव निवृत्त शिक्षकाला अवश्य द्यावा. अहंकार पार उतरतो. गल्लीतल्या तरण्या पोरांकडे दीडशे सीसीच्या गाड्या आहेत, पण त्यांना कुणी काम सांगत नाही. त्यांना विचारलं तर ते अजूनही तेच जुनं वाक्य म्हणतात, आणि त्यांच्या बाबतीत ते खरं असतं.

या सगळ्यांत अवघड काम गोळ्यांचं नाही, सातबाऱ्याचंही नाही. साडीच्या फॉलचं आहे. काकूंच्या भाचीचं लग्न ठरलं आणि त्यांनी मला एका कागदाला चिकटवलेला दोन इंचांचा धागा दिला. "याच रंगाचा फॉल पाहिजे. हुबेहूब." मी धागा पाहिला. हिरवा होता.

मॅचिंग सेंटरमध्ये हिरवा असा रंगच नसतो, हे मला तिथे कळलं. दुकानदार माझाच विद्यार्थी. नकाशा भरताना हा समुद्राला करडा रंग देत असे, म्हणून मी त्याला बाकावर उभा केल्याचं मला आठवत होतं; त्यालाही आठवत असावं. त्याने धागा बोटावर गुंडाळला आणि काउंटरवर फॉलच्या घड्या टाकायला लागला. "हा बॉटल ग्रीन. हा मेंदी. हा पोपटी, हा तर नाहीच. हा रामा." मी म्हटलं, रामाच असेल. तो हसला. "सर, रामात निळ्याची झाक असते. तुमचा मोरपंखीकडे जाते." मग त्याने ट्यूबलाइट बंद केली, कारण ट्यूबखाली रंग फसवतो, आणि तीन फॉल घेऊन मला दुकानाबाहेर उन्हात उभं केलं. तिथे दोन बाया आधीच कोनफळी आणि आमसुली यांच्यात अडकल्या होत्या. त्यांनी आपलं काम सोडून माझं हाती घेतलं. एकीने धागा उजवीकडच्या फॉलवर ठेवला, दुसरीने डोळे बारीक केले. "एक घर गडद आहे." मधला फॉल. "हा बराबर." तेवढ्यात ढग आला. सगळे थांबले. ढग गेल्यावर मधलाही नापास झाला. शेवटी आतून चौथी घडी आली आणि तिघांनी एकदम मान हलवली. त्या क्षणी मला जे वाटलं ते बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही कधी वाटलं नव्हतं. गाडी नसती तर हे सगळं माझ्या आयुष्यात घडलंच नसतं; मी मेंदी फॉल आणला असता आणि काकूंनी तो परत करायला दुसऱ्याला पाठवलं असतं.

गाडी आवाज करत नाही याचे फायदे-तोटे मात्र निराळे लिहायला हवेत. तोटा असा की रस्त्यात बसलेल्या गाई उठत नाहीत. हॉर्न आहे, पण तो पीं करतो आणि गाय त्याला आपल्याशी संबंधित मानत नाही. कुत्रे आधी धावायचे. एक-दोनदा मी जवळून निघून गेल्यावर त्यांना कळलं, तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटल्याचं मी पाहिलं आहे. फायदा असा की इतक्या वर्षांत न ऐकलेलं गाव ऐकू येतं. चक्कीचा पट्टा सांध्यावरून जाताना टक् करतो, तो गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. पट्टा बंद असला तर डबा घेऊन पुढे जायची गरज नाही. दिवाळीनंतर स्टेशनाच्या वाटेने निघालं की कापूस वेचणाऱ्या बायांचं बोलणं रस्त्यापर्यंत येतं, आणि त्यात कुणाच्या सुनेचं काय झालं हे पुढच्या वावरापर्यंत पुरतं.

आणि माणूस स्वतःविषयीही ऐकतो. पानठेल्यामागून मी एकदा असाच सरकत आलो तेव्हा आत खर्रा घोटता घोटता विषय माझाच चालू होता.

"सर रिटायर झाल्यापासून दिवसभर फिरून रायले बावा."

"घरी करमत नसन."

"घरी कोणी राहू देत नसन."

मी पीं केलं. "या सर, तुमचीच याद काढली," असं म्हणून त्यांनी बाकावर जागा केली.

मात्र ही मुकी गाडी एका प्रसंगी बोलते, आणि तेव्हा अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असं बोलते. तिला चोरांसाठी अलार्म बसवलेला आहे. चालताना ती कुणाला धक्का लागला तरी हूं की चूं करत नाही. उभी असताना तिच्यावर कावळा बसला तरी बोंब ठोकते. सिंदी बाजार समितीचा उपबाजार सेलूत आहे. हंगामात तिथे कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आता ट्रॅक्टर जास्त, पण बैलगाड्या अजून येतात. आमच्या धाकट्या भावाच्या कापसाची पट्टी आणायला मी गेलो होतो आणि गाडी एका सावलीत लावली होती. त्याच सावलीवर एका बैलाचा आधीपासून हक्क होता. त्याने मानेची खाज भागवायला माझा आरसा निवडला. गाडीने हंबरडा फोडला. बैल दोन पावलं मागे सरला, लिलाव थांबला, आडते, मापारी, शेतकरी सगळे एका जागी खिळले, आणि मी खिशात रिमोट शोधायला लागलो. एका खिशात काकूंच्या गोळ्या, दुसऱ्यात कुणाचं तरी सेतूचं टोकन. रिमोट सापडला तेव्हा बैलाची भीती चेपली होती आणि तो पुन्हा आरशाकडे निघाला होता. "चालू द्या सर," बैलवाला म्हणाला, "त्याले आवडलं."

आता ते स्टेशनाचं प्रकरण.

माझा साळा पुण्याचा. आयटीत आहे, म्हणजे रस्ता विचारायचा नसतो असं मानणारा. त्याने फोनवर सेलूचं तिकीट काढलं आणि मला सांगितलं की अमुक वेळेला स्टेशनवर ये, तुझी ती गाडी बघायची आहे. मी १०० टक्के भरून सेलू रोडला गेलो. फलाटावर मी, एक बकरी आणि एक पॅसेंजर जाऊन दुसरीची वाट पाहणारे दोघं. मी बाहेर आलो, तेवढ्यात फोन आला.

"उतरलो. कुठे आहेस?"

"बाहेरच आहे, लिंबाखाली."

"मीपण लिंबाखालीच आहे."

"चहाची टपरी दिसते का?"

"टपरीसमोरच उभा आहे."

"मी पण."

आम्ही दोघांनी आपापल्या लिंबाला एकेक फेरी मारली. मग मी विचारलं, "पाटीवर सेलूच्या पुढे काय लिहिलं आहे?" "पुढे काही नाही," तो म्हणाला. "नुसतं सेलू." तेव्हा मी बसून घेतलं. तो परभणी जिल्ह्यात होता. आमच्या दोन लिंबांमध्ये तीनशेहून जास्त किलोमीटर होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्याने अगदी शांतपणे, इंजिनिअर विचारतो तसं विचारलं, "तुझी बॅटरी किती जाते?"

ही गोष्ट पानठेल्यावर सांगितली तेव्हा दाद मिळाली, पण ठेल्यावरच्या मंडळींना रस होता तो बॅटरीच्या आकड्यात. ही गाडी जिथे उभी राहील तिथे तेच चार प्रश्न येतात: किती जाते, किती घेते, बॅटरी मेली तर कितीले पडते, आणि पावसात करंट लागते काय. पहिल्या तिन्हींची उत्तरं मी पाठ केली आहेत. चौथ्याला मी "अजून तरी नाही" म्हणतो, त्यामुळे माझ्याबद्दल आदर वाढतो. त्या दिवशी मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. मी सांगितलं, या गाडीला तुम्ही नवी समजता, पण विजेच्या सायकलचं पेटंट अमेरिकेत ओग्डेन बोल्टन नावाच्या माणसाने १८९५ सालच्या ३१ डिसेंबरलाच घेतलं होतं. मोटर मागच्या चाकात, अगदी माझ्या गाडीत आहे तशी. ठेलेवाल्याने हातातला खर्रा घोटायचं थांबवलं. "अठराशे पंच्याण्णव? मंग सेलूले यायले एवढा टाइम काऊन लागला?"

"वर्ध्याहून बस भेटली नसन," बाकावरून उत्तर आलं.

मी हार मानली नाही. म्हटलं, स्कूटरच्या बाबतीत तरी वर्ध्याला नावं ठेवू नका. बजाज घराण्याचे मूळपुरुष जमनालालजी वर्ध्याचे, इथेच दत्तक आले, इथेच राहिले, १९४२ मध्ये इथेच गेले. त्यांच्या नातवाच्या कंपनीची चेतक आणि फिरोदियांची लूना, दोन्ही १९७२ ची, दुष्काळाच्या सालातली. दोन्ही पुढे बंद पडल्या आणि दोन्ही विजेवर परत आल्या: चेतक २०२० मध्ये, लूना २०२४ मध्ये. सगळे जरा गप्प झाले. आमच्या पिढीच्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक लूना आहे. कुणी तिच्यावर दुधाचे कॅन नेले, कुणी बायकोला आणि तीन पोरांना. एकाने केळीचे घड नेले होते, दोन्ही बाजूंना एकेक आणि मागे एक; मधून चालवणारा दिसतच नसे, घडच रस्त्याने जात असत. "ते लूना चढावर पायडल मारा लागे," तो म्हणाला. "हिले काय मारा लागते?"

चढावर हिला काय करावं लागतं, ते मी केळझरला शिकलो. केळझर दहाएक किलोमीटर, नागपूरच्या अंगाला. टेकडीवर सिद्धिविनायक, विदर्भाच्या अष्टविनायकांतला. काकूंचा नवस होता, भाचीचं लग्न जमल्याचा, आणि नवसाला एस्टीने जायचं नसतं असं त्यांनी ऐनवेळी ठरवलं. केळझरलाच आमच्याकडे एकचक्रानगरी मानतात. तिकडे एरंडोलकरही तोच दावा सांगतात, त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण रस्ताभर मला बकासुराची गोष्ट डोक्यात घोळत राहिली. त्याला रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस एवढं घरपोच लागे. भीम तो गाडा घेऊन गेला आणि तिथेच बसून सगळा भात स्वतःच खाल्ला. गल्लीची कामं करणाऱ्यांचा आद्यपुरुष म्हणून मी त्याला मानतो, आणि सामान पोहोचवण्याच्या धंद्यात एवढी हिंमत पुन्हा कुणी दाखवली नाही.

मागे काकू, पुढे नारळ, हार, मोदकांचा डबा. सपाटीला गाडीने तक्रार केली नाही. चढ लागला तसे आकडे पडायला लागले: २०, १४, ९. शेवटी गाडी थांबली म्हणावं तर चालत होती आणि चालते म्हणावं तर काकूंना वाऱ्याची झुळूक लागेना. बाजूने एक शेळी गेली.

"उतरू का जी?" काकूंनी विचारलं.

"बसा, ओढते ती."

"ओढते तर दिसून रायलं." त्या उतरल्या आणि चालायला लागल्या. त्यांचं ओझं गेल्यावर गाडी जरा चेव आल्यासारखी सुटली, पण काकूंना गाठू शकली नाही. मी वर पोहोचलो तेव्हा त्यांनी चपला काढून पाय धुतले होते.

उतरताना मात्र गाडीची ऐट पाहावी. आणि पुढे समृद्धी महामार्गाखालून जायची पाळी आली की माझ्या प्रवासातला परमोच्च क्षण येतो. ७०१ किलोमीटरचा, नागपूरपासून मुंबईच्या दारापर्यंतचा हा रस्ता आमच्या तालुक्यातून गेला आहे. वर गाड्या ताशी १२० ने जातात. दुचाकीला तिथे बंदीच आहे. त्यांना शिर्डी दिसते, सेलू दिसत नाही. मी खालच्या बोगद्यातून २५ ने जातो, आणि बोगद्याच्या सावलीत एक उसाच्या रसाची गाडी उभी असते. वरच्या १२० वाल्यांना त्या रसवाल्याजवळ थांबायचं असेल तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन, टोल भरून परत यावं लागेल. आम्ही दोन ग्लास घेतले. काकूंनी बिनबर्फाचा.

पवनारकडे निघालो की मात्र ही सगळी ऐट उतरते. धाम नदीवर विनोबांचा आश्रम आहे. तिथून निघून हा माणूस १९५१ पासून तेराएक वर्षं देशभर पायी हिंडला, भूदान मागत. त्याला कुणी विचारलं नसेल, एका चार्जिंगमध्ये किती जाता म्हणून.

पण विजेच्या गाडीने माझ्या सोयरिकीत जो बदल घडवला, तो लग्नाच्या पत्रिकांनी उघड केला. काकूंच्या भाचीच्या पत्रिका वाटायला माझ्याशिवाय कोण? कुंकवाची डबी, अक्षता आणि पत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी हिंगणीला निघालो. हिंगणी बोरधरणाच्या वाटेवरचं गाव. पुढे बोरचं जंगल. १९७० सालचं अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प, देशातल्या अगदी लहान प्रकल्पांतला. प्रकल्प लहान असला की वाघाला कधीमधी बाहेर डोकावावंच लागतं, असं तिकडचे लोक समजुतीने सांगतात. वाटेत एका गुराख्याने मला थांबवलं आणि गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"आवाज नाही करत?"

"नाही."

"मंग खराब आहे जी. फटफटीचा आवाज आला का वाघ बाजूले होते. तुमच्यानं त्याले टाइमच नाही भेटत." त्याची सहानुभूती सगळी वाघाकडे होती. "पीं तरी वाजवत जा."

त्यानंतर हिंगणीपर्यंत मी पीं पीं करत गेलो. रस्त्यात वाघ नव्हता, पण शेतातली माणसं माना वर करून पाहत होती की आइस्क्रीमवाला आला की काय.

पाहुण्यांच्या अंगणात उतरलो तेव्हा १८ टक्के उरले होते. परतीला पुरेसे नव्हते. पूर्वी कुणाच्या दारात गेलं की आधी पाणी यायचं, मग चहा, मग निघतो म्हणायचं आणि बसा हो म्हणायचं, असा एक क्रम होता. या गाडीने त्यात एक नवीन पायरी घातली आहे, आणि ती कशी चढायची हे अजून कुणाला नीट ठाऊक नाही. मी सीट उघडून बॅटरी बाहेर काढली आणि कडीला धरून घरात गेलो. घरातल्या आजीने त्या पेटीकडे पाहिलं आणि सुनेला हाक मारली, "पाहा व, सरायनं आहेर आणला."

"आहेर नाही आजी. जरा प्लग मिळेल का?"

पंधरा अँपियरचा प्लग टीव्हीमागे होता. टीव्हीवर आजीची मालिका होती, आणि मालिकेत त्या दिवशी कुणाचं तरी सत्य बाहेर यायचं होतं. मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी म्हटलं, असं कसं, पाहुण्याचं आधी. टीव्ही बंद झाला. ते सत्य बाहेर आलं की नाही, ते आम्हा कुणालाच कळलं नाही. बॅटरीवर लाल दिवा लागला आणि सगळं घर तिच्याभोवती बसलं. मी पत्रिका दिली, अक्षता दिल्या, कुंकू लावलं. कुणाची मुलगी, कुठला मुलगा, हे झालं. चहा झाला. तर्रीपोहे झाले. दर दहा मिनिटांनी नातू जाऊन दिवा पाहून येई.

"किती टाइम लागते जी?" आजीने विचारलं.

"पूर्ण व्हायला चार तास. पण अर्धी झाली तरी निघेन."

"अर्ध्यावर कोणी उठते काय?" आजी म्हणाली आणि सुनेकडे वळली. "वरणफळं टाक व." एरवी पाहुण्याला थांबवायला या माणसांना किती शपथा घालाव्या लागायच्या, आता त्यांना फक्त दिव्याकडे बोट दाखवायचं होतं. वरणफळांवर साजूक तुपाची धार पडली आणि पहिला घास घेणार तेवढ्यात पंखा थांबला. लाल दिवाही गेला.

"लाईन गेली," नातवाने जाहीर केलं.

"डीपीवर काही झालं असन," मुलगा म्हणाला. "आता सकायीच येईन."

आजीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. अंगणात खाट टाका, सतरंजी टाका, सराले पाणी नेऊन द्या, अशा सूचना अंधारातच सुटल्या. इतक्यात माझा फोन वाजला. घरून होता.

"कुठी आहे?"

"हिंगणीले. चार्जिंगले लावलं आहे."

"गाडीले का तुमाले?"